मोगऱ्याचं पाणी तोडा आणि कात्री काढा, नाहीतर मार्चमध्ये नुसता पाला

नोव्हेंबर संपत आला, पहाटे गारवा पडायला लागला आणि तरी बऱ्याच ठिकाणी मोगऱ्याचं ड्रिप अजून चालूच आहे. आधी ते बंद करा. हिरवंगार झाड बघून बरं वाटतं हे मान्य, पण या दिवसांत हिरवं राहिलेलं झाड उन्हाळ्यात कळ्या देताना हात आखडतं. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला, जुन्या काडीवर नाही, आणि नवा फुटवा एकदम आणि जोरात यायचा असेल तर त्याआधी झाडाला विश्रांती मिळायला पाहिजे. म्हणून आधी ताण (म्हणजे पाणी तोडणं), मग छाटणी, मग खत आणि मग पाणी, हा क्रम उलटासुलटा केला की गणित बिघडतं.

ताण किती द्यायचा हे जमिनीवर आहे. पालघर, विक्रमगड, जव्हारकडच्या हलक्या मुरमाड उताराच्या जमिनीत आठ-दहा दिवसांत पानं मलूल होतात, घाटावरच्या काळ्या जमिनीत पंधरा-वीस दिवस सुद्धा लागतात कारण खाली ओल धरून असते. कॅलेंडर बघू नका, झाड बघा. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, शेंड्याची वाढ थांबली की ताण बसला असं समजायचं. मात्र कोवळ्या काड्या सुरकुतायला लागेपर्यंत थांबायचं नाही, तिथे नुकसान सुरू होतं. पहिल्या वर्षाची रोपं असतील तर त्यांना हा सगळा प्रकार करूच नका, त्यांना हलकं पाणी चालू ठेवा आणि फक्त शेंडे खुडा.

आता छाटणी. इथे लोक फार माया करतात. वरवर शेंडे खुडले आणि झालं असं नसतं हो. तीन-चार वर्षांच्या झुडपाला जमिनीपासून साधारण दीड फूट, म्हणजे 45 ते 50 सेंटिमीटर ठेवून वरचं सगळं उतरवायचं, वाळकी, रोगट, एकमेकांत घुसलेली काडी मुळापासून काढायची, आणि मधला भाग मोकळा करायचा म्हणजे ऊन आत बुडाशी पोचेल. कात्रीला धार पाहिजे, बोथट कात्रीने काडी चिरते आणि तिथून मर (काडी वाळवत नेणारा रोग) आत शिरते. जाड कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, आणि छाटणी संपली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्या बुंध्यांवर 1 टक्का बोर्डो मिश्रण मारा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी). गळलेला पाला आणि कापलेल्या काड्या तिथेच झाडाखाली सोडायच्या नाहीत, त्यात कीड थंडी काढते.

सगळी बाग एका दिवसात छाटायची का? माझं मत, नको. एकराचे तीन तुकडे करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने छाटा. सगळा बहार एकदम आला तर तोडायला माणसं मिळत नाहीत, आणि एप्रिल-मे मध्ये जेव्हा सगळ्यांचाच मोगरा दादरच्या फूल मंडईत पोचतो तेव्हा भाव काय होतो ते सांगायला नको. लवकर छाटलेला तुकडा थोडा आधी सुरू होतो आणि त्या थोड्याशा मालालाच पैसे बरे मिळतात. फक्त कडाक्याच्या थंडीत फुटवे हळू सरकतात, त्यामुळे घाटावर जिथे पारा बराच खाली जातो तिथे जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबलात तरी चालेल.

छाटणी झाली की बुंध्याभोवती आळं करून माती हलकीशी चाळवा, मुळ्या तोडू नका. झाडामागे 10 किलो चांगलं कुजलेलं शेणखत घाला, सोबत मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस वर्षाला झाडामागे 60 ग्रॅम नत्र, 120 स्फुरद, 120 पालाश अशी आहे आणि ती दोन हप्त्यांत द्यायची, एक छाटणीनंतर आणि एक जून-जुलैत. दुकानाच्या भाषेत एका हप्त्याला साधारण 65 ग्रॅम युरिया, 375 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 100 ग्रॅम पोटॅश. हे मोठ्या झाडाचं माप आहे, लहानाला निम्मं पुरे, आणि माती परीक्षण केलेलं असेल तर त्याप्रमाणे कमीजास्त करा. युरिया जास्त टाकायचा मोह आवरा, पानं सुपाएवढी होतील आणि कळी दिसणार नाही. खत दिलं की मग पाणी सुरू, पहिलं पाणी भरपूर आणि त्यानंतर वाफसा बघून, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली की.

काळ्या चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर ते लोहाची कमतरता, खत कमी पडलं म्हणून युरिया मारत बसू नका. फेरस सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून पानांवर फवारा, सकाळी किंवा संध्याकाळी, पंधरा दिवसांनी परत एकदा. कोकणातल्या तांबड्या जमिनीत हे सहसा होत नाही.

उन्हाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. नव्या आंब्याच्या किंवा काजूच्या बागेत मधल्या पट्ट्यात मोगरा लावणं पहिली चार-पाच वर्षं छान जमतं, पैसेही येतात. पण कलमांची सावली पडायला लागली की मोगरा संपला, मग कितीही छाटा, कितीही खत घाला. रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. अशा बागेत आता कात्री घालण्यापेक्षा पुढच्या पावसाळ्यात दुसरा उघडा तुकडा बघा, सव्वा मीटर बाय सव्वा मीटरने एकरी 2500 च्या आसपास रोपं बसतात. कुंडीवाल्यांनाही हेच, बाल्कनीत ऊन नसेल तर मोगऱ्यावर पैसे घालू नका, ऊन असेल तर 12 इंची कुंडी, हाच ताण पण जेमतेम आठवडाभर, आणि अर्ध्यावर छाटणी.

कीड आत्ता दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये कळ्या जांभळट पडून, आत पोखरून गळायला लागल्या तर ती कळी पोखरणारी अळी, आणि कळीचा देठाकडचा भाग फुगून कळी न उमलता सुकली तर कळी माशी. दोन्हींत गळलेल्या कळ्या रोजच्या रोज गोळा करून नष्ट करणं हा निम्मा उपाय आहे, कारण कळी माशीचा कोष जमिनीत जातो, आळ्यातली माती चाळवून निंबोळी पेंड घालायला सांगितली ती यासाठीही. वर 5 टक्के निंबोळी अर्क, तोडणी झाल्यावर संध्याकाळी. मोगरा केसात माळला जातो, देवाला वाहिला जातो, त्यामुळे तोडणी चालू असताना जहाल औषधं मारू नका. ऊन तापल्यावर पानं धुरकट होऊन खालून बारीक जाळी दिसली की लाल कोळी, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, पण भर उन्हात नाही, पानं करपतात.

आणि छाटलेल्या काड्या फेकवत नाहीत म्हणून बरेच जण आत्ताच पिशव्यांत खोचतात. थंडीत मुळं सुटायला फार वेळ लागतो आणि निम्म्याहून जास्त काड्या सुकतात. रोपं करायची तर जून-जुलैत काडी लावा, किंवा पावसाळ्यात खालची फांदी वाकवून मातीत दाब कलम करा, मातृझाडं मात्र आत्ताच निवडून त्यांना रिबीन बांधून ठेवा, कारण पावसाळ्यात कळ्या कमी असतात आणि कुठलं झाड भरून आलं होतं ते कोणालाच आठवत नाही.