मायग्रेनसाठी ईईजी सांगितलाय? आधी केस धुवून या

डोकं उठलं की उलट्या, खोलीत अंधार, कुकरची शिट्टीसुद्धा नको, असं ज्यांच्या घरी चालतं त्यांच्यासाठी लिहितेय. बहिणीला घेऊन नाशिकला गंगापूर रोडवर एका न्यूरोकडे (मेंदूच्या डॉक्टरकडे) गेलेले, ईईजीची, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूचे विजेचे सिग्नल टिपायच्या टेस्टची, चिठ्ठी मिळाली पण तयारी काय करायची ते कुणी धड सांगेना.

पहिलं म्हणजे ईईजीत मायग्रेन दिसत नाही. ते डॉक्टर तुमचं ऐकून आणि तपासून ठरवतात, साध्या मायग्रेनला ही टेस्ट लागतही नाही. पण डोळ्यापुढे चमकतं, मधेच भान जातं, हात झटकतो असं काही असलं की फिट्सची शंका काढायला करतात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "बघ, नाटकं करतेस" असं कुणी म्हणायचं नाही (आमच्याकडे म्हटलं!).

आदल्या रात्री शाम्पू करायचा, तेल-कंडिशनर-जेल काही नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी. पोटभर खाऊन जायचं, चतुर्थी वगैरे येत असेल तर सरळ दुसरी तारीख घ्या कारण उपाशीपोटी डोकं हमखास चढतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कधीकधी रात्री कमी झोपून या सांगतात, पण जागरणाने तुमचं दुखणं उठत असेल तर हे आधीच बोला, आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

तिथे टेपने डोकं मोजून पेस्टने वीसेक वायरी चिकटवतात. शॉक बिक काही नसतो, मशीन फक्त ऐकतं. मेंदूचा सिग्नल कातडीवर जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजायचा, त्यामुळे पापणी लवली, दात आवळले तरी कागदावर धुमाकूळ. डोळे मिटून शांत पडलं की मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 च्या अल्फा लहरी येतात. मग तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास, आणि शेवटी लुकलुकणारा लाइट. हा लाइट मायग्रेनवाल्यांना जड जातो, टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते थांबवतील. गंमत अशी की सेकंदाला 20 पेक्षा जास्त वेळा लाइट मारला तरी बऱ्याच मायग्रेनवाल्यांचा मेंदू त्या तालावर चालतो, हे 1959 पासून माहितीय, पण दुसऱ्या लोकांतही कधी दिसतं, म्हणून त्यावरून निदान करत नाहीत.

रिसर्चवाले वेगळं करतात, काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होणारा पडदा शेकडो वेळा दाखवतात. द्वारका चौकाजवळ राहणाऱ्याला हॉर्न ऐकूच येईनासे होतात ना, तसा इतरांचा मेंदू हळूहळू कंटाळतो आणि सिग्नल लहान होतो. मायग्रेनवाल्यांचा, दोन अटॅकच्या मधल्या दिवसांत, कितीतरी अभ्यासांत कंटाळलेला दिसत नाही. अटॅक जवळ आला की मात्र बऱ्याचदा इतरांसारखा वागतो! म्हणून शेवटचं डोकं कधी दुखलं ती तारीख लिहून न्या.

आणि ऑरा, ती डोळ्यापुढची नागमोडी चकाकी, म्हणजे मेंदूवरून मिनिटाला साधारण 3 मिलिमीटरने सरकणारी लाट, 1944 मध्ये लेआंव या ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ती सशाच्या मेंदूत पकडली. आपल्या साध्या ईईजीत ती नीट सापडत नाही, इतकी हळू चालते.

पेस्ट कोमट पाण्याने निघते, दोनदा शाम्पू लागतो. कानामागे मात्र बघा, आमच्या ताईची तिसऱ्या दिवशी निघाली.