8 जीबी रॅमवर व्हॉनिक्स आणि टेल्स

गिरगावातल्या आमच्या चाळीतली कॉलेजची पोरं विचारतात, क्यूब्ज ओएस (प्रत्येक काम वेगळ्या कप्प्यात ठेवणारी सुरक्षित ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू का? लॅपटॉप 8 जीबी रॅमचा असेल तर नको, त्याला 16 तरी असावी. त्याऐवजी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारा प्रोग्राम) व्हॉनिक्स घ्या, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायची सिस्टिम. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

व्हॉनिक्सची व्हर्च्युअल मशीन दोन. गेटवे टॉरशी (ओळख लपवणाऱ्या नेटवर्कशी) बोलतं, वर्कस्टेशनवर आपण काम करतो आणि त्याला बाहेरची वाट फक्त गेटवेतून. म्हणून वर्कस्टेशनमध्ये घातक प्रोग्राम शिरला, तरी घरचा खरा आयपी पत्ता त्याला सहजी कळत नाही. ही रचना मला मनापासून आवडते. गेटवे आधी सुरू करा, टॉर जोडलं गेलं की मगच वर्कस्टेशन. प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या.

टेल्स (पेनड्राइव्हवरून चालणारी, लॅपटॉपवर माग न ठेवणारी सिस्टिम) मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये नको. खालच्या विंडोजमध्ये कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम) असेल तर तुमचं सगळं टायपिंग त्याला मिळतं. लॅमिंग्टन रोडवरून 8 जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह आणा (त्यावरचं सगळं पुसलं जाईल), त्यावर टेल्स टाका आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. डाउनलोड अधिकृत साइटवरूनच, आणि त्याची डिजिटल सही (फाइल अस्सल असल्याची खूण) तपासूनच. हा टप्पा मी कुणालाही गाळू देत नाही.