पुठ्ठ्याच्या डबीचे झाकण वाकू नये म्हणून

शोभेच्या डब्या करताना बहुतेकांचे सारे लक्ष बाहेरच्या नक्षीदार कागदाकडे असते. प्रत्यक्षात डबी बिघडते ती झाकणाच्या सपाट पुठ्ठ्यामुळे. खळ किंवा फेविकॉल लावलेला कागद ओलाव्याने फुगतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे एकाच बाजूने कागद चिकटवलेला पुठ्ठा त्या बाजूला हमखास वाकतो. यावर उपाय म्हणजे आतल्या बाजूनेही साधारण तेवढ्याच जाडीचा कागद चिकटवणे आणि झाकण जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवणे.

कागदाला आणि पुठ्ठ्याला तंतूंची एक दिशा असते. तुकडा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. पुठ्ठा, बाहेरचा कागद आणि अस्तर या तिघांचे तंतू एकाच दिशेने ठेवल्यास ओढ समतोल राहते. हातकागदात ही दिशा फारशी जाणवत नाही, हा त्याचा एक फायदाच.

झाकणाचे माप मात्र आधी कापून ठेवू नये. डबीवर कागद चढवून ती पूर्ण वाळल्यावर बाहेरून मोजावी आणि झाकणाची आतली लांबी-रुंदी त्याहून सुमारे 2 मिमी अधिक धरावी. कागद फार जाड असेल तर 3 मिमी. पावसाळ्यात वाळायला अधिक वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.