माळरानाचं बी गोळा करताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, पुण्याचा पूर्व भाग हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथल्या वनखात्याच्या कुरणांवर आणि गावांच्या गायरानांवर मूळचं गवत परत आणायचं ठरलं, की पहिली अडचण बियाण्याची येते. दुकानात मिळतं ते स्टायलो, म्हणजे मूळचं अमेरिका खंडातलं शेंगावर्गीय चारापीक, नाहीतर चाऱ्यासाठी निवडलेले वाण. शेडा, कुसळी, मारवेल यांचं त्याच माळाला सरावलेलं बी हाताने गोळा करावं लागतं.

या कामात सगळ्यांत जास्त फसवतं ते भरलेलं पोतं. शेडा (सेहिमा नर्वोसम) किंवा मारवेल (डायकँथियम अॅन्युलेटम) यांच्या तुऱ्यात कणिशकं (तुऱ्यातले दाणा धरणारे छोटे भाग, स्पाइकलेट) जोडीने असतात. एक देठाचं, बहुधा नर. दुसरं बिनदेठाचं, लांब कुसळ असलेलं, आणि दाणा धरला तर त्यातच. कुसळीच्या (हेटेरोपोगॉन कन्टॉर्टस) तुऱ्यात तर खालच्या काही जोड्यांना कुसळच नसतं, तिथे दाणाही नसतो. म्हणजे पोत्यातला निम्म्याहून जास्त माल मुळातच फोलपट. उरलेल्यातही पाऊस लवकर ओढला असेल तर पोचट बरंच निघतं.

म्हणून विळा चालवण्याआधी दाणा तपासायचा. माळाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून कुसळवाली 50 कणिशकं घ्या, नखाने किंवा ब्लेडने उघडा, भिंग लावा. आत टणक दाणा दिसला तर भरलेलं. दाबल्यावर पांढरा चीक आला तर अजून आठवडाभर थांबा. नुसतीच पापुद्र्याची घडी असेल तर पोचट. पन्नासात दहासुद्धा भरलेली नसतील तर तो माळ त्या वर्षी सोडलेला बरा. मजुरी फोलपटावर जाते.

वेळ साधणं हे याहून अवघड. ही गवतं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतात, पण एकदम नाही. त्याच तुऱ्यात वरचे दाणे झडत असतात तेव्हा खालचे दुधात असतात. एकाच फेरीत सगळं उरकायला गेलं की निम्मं हिरवं हाती येतं. चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या करा, दव वाळल्यावर, साधारण दहानंतर. तुरे मुठीत धरून ओरबाडले की पिकलेलं तेवढं सुटतं. कुसळीची पिकलेली कुसळं एकमेकांत गुंतून जटा होतात, त्या हाताने उपटल्या की झालं. पायांना जाड कापडाच्या पट्ट्या मात्र बांधा. ओल लागली की तिचं कुसळ पिळ बदलत मातीत घुसतं. मोज्यात आणि कातडीतही तसंच घुसतं.

किती घ्यायचं? बीजसंग्रहाचा सर्वमान्य नियम असा: निदान 50 वेगवेगळ्या थोंबांवरून (म्हणजे गवताच्या झुबक्यांवरून), आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी 20 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पुढच्या वर्षीचं गवत, मुंग्या, पाखरं यांचा वाटा त्यात धरलेला आहे. उंच, घसघशीत थोंबंच निवडायचा मोह आवरा. मुरमावर खुरटलेल्या थोंबातही दुष्काळ सोसण्याचा गुण असू शकतो, आणि पेरणी मुरमावरच व्हायची आहे.

परवानगीचं आधीच पाहा. गायरानासाठी ग्रामपंचायत, वनजमिनीसाठी वनखातं, आणि नान्नज किंवा रेहेकुरीसारख्या अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक. कागद हातात आल्याशिवाय एक तुराही तोडू नका.

नावांच्या बाबतीत गावकऱ्यांकडून शिका, पण तेवढ्यावर थांबू नका. एका गावचं पवन्या दुसऱ्या गावात वेगळंच गवत निघतं. प्रत्येक संग्रहाबरोबर मुळासकट तीन नमुने दाबून वाळवा, म्हणजे शंका आल्यास जाणकाराला दाखवता येतील. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय 1955 पासून आहे. तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांवर नजर बसवणं हे या क्षेत्रातलं उत्तम प्रशिक्षण. चाऱ्याच्या बियाण्याचं तंत्र शिकायचं तर झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे, 1962 सालची.

माल कापडी पिशवीत किंवा गोणपाटात भरा. प्लास्टिकमध्ये तो एका रात्रीत तापतो आणि बुरशी धरतो. सावलीत, पातळ थरात, रोज दोनदा हलवत आठ-दहा दिवस वाळवा. वाळलं का हे पाहायला कोरड्या बरणीत मूठभर बी आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर ओल शिल्लक आहे. मग तारेच्या जाळीवर चोळा आणि सुपाने पाखडा. गाजर गवताचं बी याच वेळी निवडून काढा, नाहीतर नव्या माळावर ते तुमच्याच हाताने पेरलं जाईल. कुसळीची कुसळं यंत्राने पेरणार असाल तरच मोडा. हाताने फेकणार असाल तर राहू द्या, ती बी जमिनीत रोवतात.

उगवण चाचणी नोव्हेंबरात घेऊन निराश होऊ नका. कुसळी आणि अंजन गवताचं ताजं बी काही महिने सुप्त असतं. मे महिन्यात 100-100 दाण्यांचे चार गट ओल्या कागदावर ठेवा. मग हिशोब करा: 10 किलो मालात शुद्ध बी 20 टक्के आणि त्याची उगवण 40 टक्के असेल, तर हाती खरं बी फक्त 800 ग्रॅम. क्षेत्र याच आकड्यावर ठरवायचं.

माळ नुसत्या गवताचा नसतो. शरपुंखासारख्या शेंगावर्गीय झुडपांच्या शेंगा तपकिरी होताच, तडकण्याआधी तोडा. बी कठीण कवचाचं असतं, पेरण्याआधी पॉलिश पेपरवर हलकं घासा. हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात येतात, त्यांत भुंग्याने भोक पाडलेलं बी भरपूर असतं. पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाका. हिवर मात्र तुरळकच लावा, माळावर दाट झाडी केली की गवत जातं.

पेरणी जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. मुंग्या फार असतील तर बी एक भाग, चाळलेलं शेणखत एक भाग, चिकण माती तीन भाग अशा हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. मोठ्या केल्या तर कोंब आतच गुदमरतो. पहिला पावसाळा चराई बंद ठेवायला गावाची तयारी नसेल, तर बी पिशवीतच राहू द्या. पिशवीवर आणि पिशवीच्या आतही, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी: तारीख, जीपीएस, माती, उताराची दिशा, किती थोंबांवरून, किती टक्के भरलेलं. शाई ओलीने पसरते आणि बाहेरची चिठ्ठी उंदीर खातात.