रोजचे शब्दकोडे अडते कुठे? या चुका टाळा

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर लिहायचे असते, आणि अक्षर म्हणजे नुसते व्यंजन नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडलेली व्यंजने यांच्यासकट ते अक्षर असते. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी घरे मोजताना घोटाळा होतो तो इथेच. ‘संकेश्वर’ चार घरांचा शब्द आहे: सं, के, श्व, र. ‘रामदुर्ग’ही चारच घरांचा: रा, म, दु, र्ग. रफार नेहमी पुढच्या अक्षरावर जातो, त्यासाठी वेगळे घर नसते. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांनाही प्रत्येकी एकच घर. उत्तर बरोबर वाटते आणि एक घर उरते किंवा कमी पडते, तेव्हा शब्द खोडण्याआधी तो मोठ्याने फोडून म्हणा. बऱ्याचदा शब्द बरोबर असतो, मोजणी चुकलेली असते.

कन्नड वळणाची वेलांटी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सोडवणाऱ्यांसाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही शिकलेल्या हाताला संस्कृतातून आलेल्या शब्दांचा शेवट ऱ्हस्व लिहायची सवय असते, कारण कन्नडमध्ये कवि, गुरु, बुद्धि, गति असेच लिहितात. तिसरी भाषा हिंदी, तीही ऱ्हस्वच लिहिते. मराठीत मात्र हे शब्द सुटे असताना दीर्घ होतात: कवी, गुरू, बुद्धी, गती. समासात पहिल्या जागी आले की पुन्हा ऱ्हस्व: कविराज, गुरुवार, बुद्धिवैभव.

कोड्यात याने काय बिघडते? आडव्या ‘गुरु’मधला ‘रु’ उभ्या शब्दाचे पहिले अक्षर असेल, तर तुम्ही ‘रु’पासून सुरू होणारा शब्द शोधत बसता. हवा असतो ‘रू’पासूनचा, उदाहरणार्थ ‘रूप’. रचनाकार काटेकोर असेल तर तो कोपरा तिथेच बंद पडतो. काही रचनाकार ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात. तुमचे रोजचे कोडे कोणत्या पठडीतले आहे हे मागच्या तीन-चार दिवसांची छापलेली उत्तरे पाहून ठरवा. आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात, तिथे एका बाजूने ‘वि’ आणि दुसऱ्या बाजूने ‘वी’ चालवून घेतलेले दिसले, तर ते कोडे सैल आहे.

अनेकवचनातही असेच फसायला होते. चूल–चुली, वीट–विटा, फूल–फुले, मूल–मुले. संकेत अनेकवचनी असेल तर शेवटच्या घराबरोबर पहिले घरही बदलते. आधी एकवचन लिहून नुसते शेवटचे अक्षर दुरुस्त करणारे इथे हमखास अडतात.

गावांची नावे लिहिताना पाटीवरचे रूप डोळ्यांसमोर येते. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी यांत घरे तेवढीच राहतात, मधले अक्षर मात्र बदलते. मराठीत ‘सौंदत्ती’ तीन घरांत मावते, कन्नड वळणाने ‘सवदत्ती’ लिहिले की चार लागतात. खानापूरचा ‘पू’ मराठीत दीर्घ. मराठी कोड्यात आधी मराठी रूप घालून पाहा, घरे जुळली नाहीत तरच दुसरे. ‘कमळ’ आणि ‘कमल’ मात्र मराठीत दोन्ही चालतात, त्यामुळे शेवटचे घर छेदणाऱ्या शब्दावर सोडून द्या.

शेपूट जुळले म्हणून शाई वापरू नका

संकेत आहे: ‘बेळगाव जिल्ह्यातील नदी (४)’. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा. पाच नद्या, आणि पाचही चार घरांच्या. शेवटी ‘प्रभा’ मिळाले की लोक लगेच गोकाकचा धबधबा आठवून घटप्रभा लिहून टाकतात, पण तीच दोन अक्षरे कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेलाही बसतात. ‘गंगा’ मिळाले तरी दूध की वेद हे ठरत नाही. निकाल पहिले किंवा दुसरे घरच देते, कारण त्या दोन्ही जागी पाचही नावांची अक्षरे वेगळी आहेत. तेव्हा आधी तिथून जाणारे उभे शब्द सोडवा. पाच घरे असती तर संकेश्वरची हिरण्यकेशी सरळ लिहिता आली असती.

मोबाइलवरचे रोजचे इंग्रजी कोडे ‘वर्डल’ इथेच दगा देते. पाच अक्षरे, सहा प्रयत्न. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी हिरवी झाली (म्हणजे योग्य जागी बरोबर ठरली) की लाइट, माइट, नाइट, फाइट, राइट, टाइट, साइट असे एकेक करत प्रयत्न संपतात. त्याऐवजी एक प्रयत्न ‘फिल्म्स’वर खर्च करा. एफ, एल, एम, एस ही चारही अक्षरे एकदम तपासली जातात. त्यातले एखादे रंगले तर उत्तर तेच, नाहीतर चार शक्यता एका दमात कटतात. हार्ड मोड चालू असेल, म्हणजे सापडलेली अक्षरे पुढच्या प्रत्येक प्रयत्नात वापरणे सक्तीचे असेल, तर ही युक्ती वापरता येत नाही. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातच असल्या शेपटापासून सावध राहावे लागते.

संकेत एकाच अर्थाने वाचणे

‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवार, घाव, आणि कापड मोजायचे मापही. ‘कर’ म्हणजे हात किंवा सरकारी पट्टी. ‘दल’ म्हणजे पान किंवा सैन्य. ‘नाव’ म्हणजे होडीसुद्धा. संकेत एका शब्दाचा असेल तर पेन्सिल टेकवण्याआधी त्याचे निदान दोन अर्थ मनात आणा. संकेताचे व्याकरणही पाहा. ‘-णे’ने संपणाऱ्या क्रियापदाचे उत्तर बहुधा ‘-णे’नेच संपते. तो ‘णे’ शेवटच्या घरात फिकट लिहून ठेवला की उभ्या शब्दाला एक अक्षर आयते मिळते.

सुरुवात दोन घरांच्या शब्दांनी करणे ही आणखी एक सवय सोडण्यासारखी. ‘सूर्य (२)’ला रवी, भानू, अर्क, मित्र असे चार दावेदार निघतात. पाच-सहा घरांच्या शब्दाला, त्यातही जोडाक्षर असेल तर, फार पर्याय उरत नाहीत. आधी लांब शब्द, मग त्यांना छेदणारे तीन-चार घरांचे, आणि दोन घरांचे सगळ्यात शेवटी.

कोपरा पूर्ण अडला तर

त्या कोपऱ्यातल्या प्रत्येक लिहिलेल्या शब्दाला किती छेद मिळाले आहेत ते मोजा. एकही छेद नसलेला किंवा एकाच छेदावर उभा असलेला शब्द संशयित. असे सगळे शब्द एकदम खोडा, एकेक करून नको. एक चुकीचा शब्द ठेवला तर तो पुढच्या दोघांना चुकीकडे ओढतो. मग उरलेल्या खात्रीच्या अक्षरांवरून त्या भागातला सर्वांत लांब शब्द पुन्हा शोधा. तोही अडला तर हाती आलेल्या एका अक्षराची बाराखडी चालवा: ‘क’ हाती असेल तर का, कि, की, कु, कू असे म्हणत जा, कारण तुम्ही लिहिलेली वेलांटी किंवा उकारच चुकलेला असण्याचा संभव असतो.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आले की न सुटलेला शब्द वहीत लिहा, पण अकारविल्हे नव्हे, घरांच्या संख्येने. दोन घरांचे पान, तीन घरांचे पान, चार घरांचे पान. ‘पाणी’ असा संकेत आला की दोनच्या पानावर जल, नीर, तोय आणि तीनच्या पानावर उदक, सलिल, जीवन लगेच सापडतात.