वणवा लवकर कळावा म्हणून पद्धत निवडताय? या चुका टाळा

उपग्रह, मनोऱ्यावरचे कॅमेरे, झाडांना लावलेले सेन्सर की टेहळणीला बसलेला माणूस? तुलना करताना बहुतेकजण एवढंच विचारतात की आधी कोण सांगतं. पण खबर खरी आहे याची खात्री होऊन पथक निघेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा क्वचितच कुणी मांडतं.

सगळ्यात जास्त घोळ उपग्रहाच्या नकाशावरच्या लाल ठिपक्याचा. तो ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे, तर ज्या चौकोनात उष्णता दिसली त्याचा मध्यबिंदू. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उष्णता टिपणाऱ्या उपकरणाचा हा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर; मोडिस या तशाच दुसऱ्या उपकरणाचा १ किलोमीटरचा. आग त्यात कुठेही असू शकते, म्हणून पथकाला पूर्ण चौकोन आणि वाऱ्याची दिशा द्या. शिवाय हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात आणि फर्म्स या नासाच्या आगींच्या ऑनलाइन नकाशावर माहिती यायला साधारण ३ तास लागू शकतात. ठिपका नाही म्हणून आग नाही, असं धरू नका: ढग, दाट पर्णछत्र किंवा छोटी धुमसती आग, कशानेही ती निसटते. भूस्थिर उपग्रह (पृथ्वीच्या एकाच भागावर कायम स्थिर राहणारे) दर १० मिनिटांनी किंवा त्याहून लवकर बघतात खरे, पण त्यांचा चौकोन साधारण २ किलोमीटरचा, त्यामुळे लहान आग त्यांना उशिरा कळते. एकच ठिपका रोज त्याच जागी उमटत असेल तर आधी तिथे भट्टी किंवा कारखान्याची चिमणी आहे का ते पाहा.

कॅमेऱ्याला सकाळचं धुकं आणि रस्त्यावरची धूळ धुरासारखीच दिसते. खोट्या सूचनांना वैतागून संवेदनशीलता थेट कमी करू नका. आधी काच पुसा (कोळ्याचं जाळं हे फार नेहमीचं कारण), मग रस्ते आणि पाणवठे चित्रातून वगळा. एकाच कॅमेऱ्यातून दिशा कळते, अंतर नीट कळत नाही. दोन कॅमेऱ्यांच्या दिशारेषा जिथे छेदतात तिथे आग. डोंगराआड काय दडतं ते मनोरा उभारण्याआधीच नकाशावर तपासा.

गॅस सेन्सर स्वस्त वाटतात म्हणून विरळ लावले जातात. वारा उलटा असेल तर धूर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. दमट हवेत आकडे आपोआप सरकतात, तेव्हा ठरावीक आकड्यापेक्षा नेहमीच्या पातळीवरून किती वेगाने वाढ झाली यावर इशारा लावा.

ड्रोन खात्रीसाठी उत्तम, अखंड पहाऱ्यासाठी नाही. बॅटरी पुरत नाही.

तुलनेच्या तक्त्यात एक रकाना हमखास राहून जातो: गावकऱ्यांच्या फोनवरून कळलेल्या, पण यंत्रणेला न दिसलेल्या आगी. खोट्या सूचनांची नोंद आपोआप होते, हुकलेल्या आगींची मुद्दाम ठेवावी लागते. तो रकाना रिकामा असेल तर विक्रेत्याने सांगितलेल्या अचूकतेच्या टक्केवारीवर वेळ घालवू नका.