पहिला कंट्रोलर घेण्याआधी: नागपूरच्या नव्या डीजेसाठी

बर्डीवर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं काउंटर आहे आणि लग्नसराईत संध्याकाळी मी डीजे वाजवतो. त्यामुळे कॉलेजची पोरं बॅटरी बदलायला येतात आणि निघता निघता हळूच विचारतात, "दादा, डीजे शिकायचं म्हणून राहिलो. तीस-चाळीस हजार जमले. काय घेऊ?" यातल्या निम्म्यांनी मनातल्या मनात स्पीकर घेऊनच टाकलेला असतो. दोन टॉप, खाली दोन बेस.

स्पीकर घेऊ नको. लग्नाचं लॉन काटोल रोडचं असो की वर्धा रोडचं, साउंडवाला वेगळा असतो. टॉप, बेस, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, सगळं तो टेम्पोत भरून आणतो. त्याचा तो धंदाच आहे आणि त्यात लाखो रुपये अडकलेले असतात. तुझं काम त्याच्या मिक्सरला दोन वायरी दिल्यावर सुरू होतं. सरावाला घरातले जुने होम थिएटरचे स्पीकर पुरतात. फक्त ते ब्लूटूथवर लावू नको. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो, बोट आता दाबलं आणि ठोका नंतर आला असं होतं. त्यावर ठोका जुळवायला कोणीच शिकू शकत नाही. वायर लाव.

मग पैसे कशात घालायचे? कंट्रोलरमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताने चालवायच्या बटणं-चाकांच्या यंत्रात. लोक एक गाणं ऐकत असतात तेव्हा तू हेडफोनमध्ये पुढचं तयार करत असतोस. म्हणजे यंत्रातून एकाच वेळी दोन वेगळे आवाज बाहेर यायला हवेत: लोकांसाठी मास्टर आणि तुझ्या कानासाठी क्यू. लॅपटॉपला हेडफोनचा जॅक एकच. म्हणून ज्याच्या पोटात साउंड कार्ड, म्हणजे आवाज बाहेर काढणारा भाग, आहे असाच कंट्रोलर घे. मागच्या बाजूला मास्टरची लाल-पांढरी आरसीए भोकं आणि समोर हेडफोनचं वेगळं भोक दिसलं की समज, साउंड कार्ड आत आहे.

जुन्या मालात इथेच फसगत होते. पायोनियरचा डीडीजे-२०० स्वस्तात मिळतो, दिसायला छान, वजनाला हलका, पण त्यात साउंड कार्ड नाही. स्प्लिटर केबल लावून एका कानाचा आवाज लोकांना आणि दुसऱ्या कानाचा तुला, असं भागवावं लागतं, म्हणजे बाहेरचा आवाजही मोनो होतो. मोबाइलवर मजा करायला ठीक आहे. शिकायला नको.

माझं मत विचारशील तर डीडीजे-एफएलएक्स४ घे. दोन चॅनल, म्हणजे एका वेळी दोन गाणी, यूएसबीवरच चालतो, रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरवर चालतो आणि सेराटो लाइटवरही चालतो. बटणांची मांडणी मोठ्या क्लब प्लेअरच्या धर्तीवर असल्याने पुढे हात अडखळत नाही. तीस-पस्तीस हजारांच्या घरात मिळतो, दुकान आणि ऑफर पाहून थोडं इकडेतिकडे. हर्क्युलिसचा इनपल्स ३०० सुद्धा चांगला. ठोका मागे पडतोय की पुढे, हे तो दिवे लावून दाखवतो, त्यामुळे घरी एकट्याने शिकणाऱ्याला बरा. खिसा अगदीच हलका असेल तर न्यूमार्कचा छोटा डीजे-टू-गो-टू टच पाहा. त्यात साउंड कार्ड आहे, पण ईक्यूचे, म्हणजे बेस-ट्रेबल कमीजास्त करायचे, नॉब नाहीत, आणि त्यांच्याशिवाय बेसची अदलाबदल करायला माउस धरावा लागतो. चार चॅनलवाला, रंगीत दिव्यांचा, टेबलभर मोठा कंट्रोलर वर्षभर तरी विसर. पहिल्या वर्षी तिसऱ्या चॅनलला कोणी हात लावताना मी पाहिलेलं नाही.

हेडफोन वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा घे. चार-पाच हजारांत शिकण्यापुरता बरा मिळतो. बिनवायरचा इथेही नको, कारण तेच. कप वळवून एक कान मोकळा ठेवता येतो का, ते दुकानातच घालून पाहा.

लॅपटॉपबद्दल दोन गोष्टी जास्त सांगतो, कारण तो माझा विषय. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर जुनाही चालतो. हार्ड डिस्कवाला असेल तर नवा कंट्रोलर घेण्याआधी एसएसडी टाकून घे. कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लाव, मधे यूएसबी हब नको. कंट्रोलरला वीज त्याच वायरीतून मिळते आणि स्वस्त हब ती पुरवताना दम तोडतो. वाजवताना वायफाय बंद, विंडोजचे अपडेट थांबवलेले, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, आणि पोर्टची वीज वाचवणारा यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद. ऑडिओचा बफर २५६ सॅम्पलवर ठेवून पाहा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम सहा मिलिसेकंदांचा उशीर. आवाज कटकट करायला लागला तर ५१२ कर.

आणि आपल्या गावचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि संध्याकाळी सातलाही लॉनवर झळा लागतात. डेकोरेशनवाला डीजेच्या टेबलावर पांढरी चादर घालतो, तू तिच्यावर लॅपटॉप ठेवतोस, आणि खालची जाळी चादरीने बंद होते. पंखा बोंबलायला लागतो, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि गाणं तुटायला लागतं. सोबत तारेचा स्टँड ठेव. नसेल तर दोन्ही टोकांखाली विटेचे तुकडे दिलेस तरी चालेल, मी केलंय.

ठोका जुळवणं

सामान आलं की पहिल्याच दिवशी पोरं स्क्रॅच करायला धावतात. तो नाद काही दिवस बाजूला ठेव. एकच गाणं दोन्ही डेकवर, म्हणजे कंट्रोलरच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, टाक. सरळ किक (ड्रमचा जाड धप्प ठोका) असलेलं, अलीकडचं, सुरुवातीला नुसता ठेका वाजणारं गाणं निवड. स्क्रीनवर जिथे बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, दिसतो तिथे कागदाची चिकटपट्टी लाव. आता डोळे मिटून दुसऱ्या डेकचा टेम्पो स्लायडर, म्हणजे वेगाची पट्टी, कुठेतरी सरकव.

पहिला डेक स्पीकरवर चालू. दुसऱ्या डेकचा हेडफोन क्यू दाब, पहिली किक जिथे सुरू होते तिथे क्यू पॉइंट (गाणं सुरू करायची खूण) लाव. बाहेरच्या गाण्याबरोबर तोंडाने मोज: एक, दोन, तीन, चार. पुढचा 'एक' पडला की प्ले. ठोके जुळलेले असतील तर दोन किक मिळून एकच घट्ट ठोका ऐकू येईल. घसरले की घोड्याच्या टापांसारखा दुहेरी आवाज येतो, आणि जितका फरक जास्त तितक्या टापा सुट्या सुट्या. आता जॉगची (गोल चाकाची) कड, वरची पाटी नव्हे, किंचित पुढे ढकल. टापा जवळ आल्या तर तुझं गाणं मागे होतं. आणखी पांगल्या तर ते पुढे होतं, कडेला बोट लावून रोख. चार-पाच वेळा पुढेच ढकलावं लागलं, म्हणजे गाणं हळू आहे. मग स्लायडर थोडा वाढव. पायोनियरवर तो स्वतःकडे ओढला की वेग वाढतो. नवीन पोरं हमखास उलटं करतात.

एका गाण्यावर हे जमलं की दोन वेगळी घे. एक १२४ चं, दुसरं १२६ चं. १२६ ला १२४ वर आणायला वेग साधारण १.६ टक्के कमी व्हायला हवा. स्लायडरची रेंज सहा टक्क्यांवर ठेवलीस तर हात बारीक चालतो, सोळावर ठेवलीस तर केसभर हलवलं तरी गाणं पळतं.

"दादा, सिंकचं बटण आहे ना, मग काहून?" असं विचारतातच. ते बटण ठोके आपोआप जुळवतं, मीही वापरतो. पण सिंक सॉफ्टवेअरने आखलेल्या ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या खुणांवर, चालतो, आणि ग्रिड चुकली तर तो चुकीचं काम मोठ्या इमानदारीने करतो. आपल्या मावशी-काकांना लागतात ती जुनी फिल्मी गाणी माणसांनी क्लिकशिवाय वाजवलेली. मुखड्यात वेग एक, अंतऱ्यात दुसरा. तिथे कान लागतो. रेकॉर्डबॉक्समध्ये अशी गाणी डायनॅमिक अ‍ॅनालिसिसवर टाकून ग्रिड बरीच सुधारते, तरी ऐकून तपास. बरीच कोळीगीतं, काही लावण्या, गरब्याची बरीच गाणी सहाच्या चालीत असतात. ती चार ठोक्यांच्या गाण्यावर चढवायला जाऊ नको. गाणं संपव, इको दे, एक श्वास जाऊ दे आणि नवीन थेट सुरू कर. लोक त्यावर ओरडतातच.

ठोक्यांनंतर वाक्यं मोजायची. नाचाची बहुतेक गाणी चार-चार ठोक्यांच्या आठ आवर्तनांनी, म्हणजे ३२ ठोक्यांनी वळण घेतात. १२८ बीपीएमला हे बरोबर १५ सेकंद भरतात, ९६ ला २० सेकंद. पुढचं गाणं या वळणावर सुरू केलंस तर अर्धी जुळणी आपोआप होते. येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचा) नॉब पूर्ण खाली ठेव, वळण आलं की जुन्याचा लो काढ आणि नव्याचा दे. दोन बेस एकदम कधीच नको, लॉनवर नुसती गडगड होते.

गाणी

यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं मोबाइलवर चांगलं वाटतं आणि मोठ्या टॉपवर उघडं पडतं. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक छाटलेलं असतं. झांज आणि टाळ्या मळकट येतात. विकत घे, ३२० ची घे. चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास होतं, म्हणजे हजार गाणी दहा जीबीत बसतात. हजार लागतही नाहीत. सुरुवातीला शंभर अशी ठेव की प्रत्येकाचं तोंड, वळण आणि शेवट झोपेतही सांगता येईल.

कोणती शंभर, ते बाहेर फिरून कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत उभा राहा, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांबरोबर चाल, आणि लोकांचे पाय कुठे उचलतात ते पाहा. संदल पार्टी, म्हणजे मिरवणुकीत ढोल वाजवणारी मंडळी, वाजवत असेल तर खिशातला मोबाइल काढून बीपीएम मोजायच्या भानगडीत पडू नको. ती माणसं गर्दी पाहून वेग वाढवतात, कमी करतात, मजा त्यातच आहे. वरात संदलवर लॉनच्या गेटात आली की तू त्यांच्यावर गाणं चढवायचं नाही. त्यांच्या शेवटच्या तिहाईची (तोच तुकडा तीनदा वाजतो तिची) वाट पाहा, नवरदेव खाली उतरला की मग फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, उचल.

साउंडवाल्याशी जमवून घे

कंट्रोलरवर लाल दिवा लागला तर आवाज वाढत नाही, फाटतो. चॅनलचा ट्रिम (गाण्याच्या मूळ आवाजाचा नॉब) असा लाव की मोठ्यात मोठ्या जागी हिरव्यावरून केशरीत जाऊन परत येईल. आवाज कमी वाटला तर साउंडवाल्याला सांग, "भाऊ, तुमच्याकडून थोडा द्या." तो देतो. तू लाल केलंस तर तो तुझा फेडर खाली ओढतो, आणि बरोबर करतो.

जनरेटरवर गेलं की कधीकधी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. आवाज गेला तर अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घे, तरी राहिला तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लाव. तिसरी पिन तोडायला सांगणारे भेटतील. अजिबात ऐकू नको, ओल्या लॉनवर ती पिन जीव वाचवते.

वेळेचं पक्कं धर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस आधी जाहीर होतात, आणि तुझ्या मावसभावाच्या लग्नासाठी कोणी वेगळी सूट काढत नाही. आपल्याकडे वरात साडेआठची म्हणून नऊला येते, मग हार, मग फोटो. हातात चाळीस मिनिटं राहतात. तेवढ्याचीच यादी पक्की कर, आणि सगळ्यात हमखास चालणारी गाणी शेवटी राखून ठेवू नको.

पहिला कार्यक्रम घरचाच धर, हळद किंवा पुतण्याचा वाढदिवस. पैसे मागू नको, पण सामान पूर्ण ने. आरसीए ते आरसीए, आरसीए ते मोठा पाव इंची जॅक आणि आरसीए ते एक्सएलआर, अशा तिन्ही केबल प्रत्येकी एक जादा घे, कारण समोर कोणता मिक्सर येईल ते तिथे गेल्यावरच कळतं. सगळी गाणी एका पेनड्राइव्हवरही घाल, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, म्हणजे जुन्या प्लेअरलाही चालेल. लॅपटॉप बंद पडलाच तर पेनड्राइव्ह साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये लावायचा आणि लॅपटॉप सुरू होईपर्यंत गाणं चालू ठेवायचं. हा पेनड्राइव्ह बॅगेत नाही, शर्टाच्या खिशात ठेव. बॅग हमखास कोणीतरी जेवणाच्या टेबलाखाली सरकवून ठेवलेली असते.